सुट्टीत जपानी: आधी लिपी

पहिले दहा दिवस फक्त हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरमाला. 46 अक्षरं, रोज पाच, हाताने. कालची पाच न बघता लिहिता आली तरच पुढची घे. मग काताकाना, म्हणजे परकी शब्दांसाठीची दुसरी अक्षरमाला. तिथे 'शि-त्सु' आणि 'न-सो' या जोड्या फसवतात: 'शि', 'न' यांची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु', 'सो' यांची वरून खाली. उच्चार देवनागरीत लिहून ठेवू नकोस. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ कुठे पाळतो? जपानीत मात्र 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा! वाक्यरचना सोपी जाईल. 'गाक्को नि इकिमास' म्हणजे 'शाळेला जातो', क्रम आपलाच. 'वा' आणि 'गा' हे नामांना लागणारे प्रत्यय छळतील. नियमांऐवजी वाक्यंच पाठ कर. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, रोज दोनच, तीही शब्दासकट.