वजनाचा काटा अडलाय? घाबरू नका

ताई, वजन कमी करायच्या (बॅरिएट्रिक) ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजन अडतं, बहुतेकांचं. सुरुवातीला ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर) शरीरातलं पाणी भराभर जातं. नंतर शरीर ते पुन्हा धरून ठेवतं. चरबी मात्र उतरतच असते. म्हणून काट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहा.

सध्या एवढंच:

- आधी प्रथिनं, रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम. पातळ, मऊ, जे चालू असेल त्या रूपात. डाएटिशियनने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.
- जेवताना पाणी नको; नंतर अर्धा तास थांबा.
- ठाण्यात तलावपाळीला (तलावाकाठी) सावकाश फेरी मारा, पण उसाचा रस टाळा.

वजन हलत नाही म्हणून जेवण आणखी तोडणं ही सगळ्यात मोठी चूक. केस आणि स्नायू जातात. व्हिटॅमिनच्या गोळ्याही चुकवू नका. उलट्या थांबत नसतील तर लगेच सर्जनना फोन करा.