वाचकांचे प्रश्न : बारकी माशी म्हणजे उझीचं पिल्लू?

प्रश्न : आमच्या संगोपनगृहात पाचव्या अवस्थेतल्या रेशीम अळ्यांवर काळे डाग दिसू लागले आहेत. शेडमध्ये दोन तऱ्हेच्या माश्या सापडल्या. एक राखाडी, घरमाशीहून मोठी. दुसरी तपकिरी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, उडण्यापेक्षा पळतच जास्त. घरचे म्हणतात, बारकी म्हणजे उझी माशीचं पिल्लू. दोन्ही डबीत पाठवत आहे.
— एक रेशीम उत्पादक, जालना जिल्हा

उत्तर : भाऊ, माशीला पिल्लू नसतं. वाढ होते ती अळीची. पंख फुटून बाहेर आलेली माशी त्यानंतर वाढत नाही. म्हणजे तुमच्या डबीत दोन वेगळ्या माश्या आहेत.

मोठीच्या पाठीवर चार काळे उभे पट्टे आहेत. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, घरमाशीलाही चार पट्टे असतात. पोटावरचे ताठ, राठ केस पाहा. मग भिंग घेऊन पाठीच्या टोकाचा त्रिकोणी तुकडा शोधा. त्याच्याखाली आणखी एक फुगीर उंचवटा दिसतो, तो घरमाशीला नसतो. टॅकिनिड कुळाची, म्हणजे उझी ज्या माश्यांच्या कुळात मोडते त्याची, ही मोठी खूण. त्यात तुमच्या अळ्यांवरचे डाग धरले, की ही उझीच, एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. 1980 मध्ये ती बंगालकडून कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीम शेतकऱ्यांना तिने फार छळलं. मादी रेशीम अळीच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं चिकटवते. दोन-तीन दिवसांत उझीची अळी कातडी भेदून आत शिरते आणि तिथे काळा डाग उरतो.

बारकीला कुबड आहे. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा, बाकीच्या फिकट, तिरप्या, त्यांना जोडणारी आडवी शीर एकही नाही. मागच्या मांड्या रुंद. ही फोरिड कुळातली. नेमकी जात भिंगाने ठरत नाही, त्यासाठी नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ती मुख्यतः मेलेल्या, कुजणाऱ्या अळ्यांवर येते. मेलेल्या अळ्या रोज वेचून पुरल्यात तर ती कमी होईल.

खरी लढाई उझीशी. डागाळलेल्या अळ्या आजच वेगळ्या काढा. उशिरा लागण झालेली अळी कोष करते, पण उझीची अळी तो फोडून बाहेर पडते आणि त्या कोषाचा धागा सलग निघत नाही. दारं-खिडक्यांना नायलॉनची जाळी बसवा आणि जमिनीच्या भेगा बुजवा, कारण उझी तिथेच कोषावस्थेत जाते. सापडतील त्या उझीच्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. शेडमध्ये कीटकनाशक मात्र मारू नका, त्याने तुमच्या रेशीम अळ्याच मरतील.

आणखी एक सांगतो. जेमतेम दोन मिलिमीटरचा, चार पंखांचा, बारीक कमरेचा काळा कीटक दिसला तर मारू नका. ती बहुधा नेसोलिंक्स थायमस असेल. ही इवलीशी गांधीलमाशी उझीच्या कोषातच अंडी घालून तिला संपवते, आणि उझीच्या बंदोबस्तासाठी ती मुद्दाम सोडली जाते. जिल्हा रेशीम कार्यालयात तिची चौकशी करा.