डाळ बंद केली तरी फॉस्फरस ५.८ कसा?

प्रश्न: वडिलांना किडनीचा त्रास आहे, डाळ-दूध सगळं बंद केलं, फॉस्फरस कमी करायची गोळी रोज झोपताना देतो, तरी रिपोर्ट ५.८ च. काय चुकतंय?

उत्तर: अहो, गोळीची वेळच चुकतेय! ती आतड्यात जेवणातला फॉस्फरस पकडून ठेवते, म्हणजे जेवतानाच घ्यायची, रिकाम्या पोटी तिनं पकडायचं काय? आणि डाळीवर एवढा राग नको, त्यातला साधारण निम्मा किंवा कमीच अंगी लागतो. खरा चोर पाकिटातला, कोला, प्रोसेस्ड चीज वगैरे, त्यात वरून घातलेला फॉस्फरस जवळजवळ सगळा शोषला जातो. लेबलवर 'फॉस्फेट' किंवा त्याचे कोड नंबर (INS किंवा E) ३३८ ते ३४१, ४५० ते ४५२ दिसले की पाकीट परत ठेवा. डाळ किती द्यायची ते मात्र डाएटिशियनलाच विचारा, प्रोटीन कमी पडलं तर वेगळीच पंचाईत.