रिसर्च शिकलो खरं, पण वॉर्डात चालवून घेतं कोण?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी बी.एस्सी. नर्सिंग करून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे. आमच्याकडे ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डबॉय सरसकट रेझरने पार्ट प्रिपरेशन करतो, म्हणजे ऑपरेशनच्या जागेचे केस काढतो. आता हे करू नका असं सांगतात असं मी इन्चार्ज सिस्टरांना म्हटलं, तर म्हणाल्या, "सर्जन सर विचारतील तेव्हा तूच उत्तर दे." मग गप्प बसले. आम्ही नर्सेस रिसर्च वापरायला तयार आहोत का, की तो विषय पास होण्यापुरताच?
*– एक स्टाफ नर्स, सोलापूर जिल्हा*

उत्तर : सिस्टर, तुमचं म्हणणं बरोबरच आहे. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) 2016 च्या गाइडलाइनमधे स्पष्ट लिहिलंय की केस काढूच नका, आणि काढावेच लागले तर फक्त क्लिपरने (केस कातरायच्या मशीनने), रेझर कधीच नको, कारण त्याने कातडीवर बारीक बारीक चिरा पडतात आणि तिथे जंतू वाढतात.

आता तयारीचं. पूर्ण तयार नाही, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत 2018 साली 2344 नर्सेसचा एक सर्व्हे छापून आला, त्यात पुराव्यावर आधारित काम करायला लागणारी 24 कौशल्यं विचारली होती आणि नर्सेसनी स्वतःच स्वतःला दिलेले मार्क सगळ्या 24 मधे कमी पडले. आपल्याकडे तर कॉलेजात रिसर्च म्हणजे "अमुकविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा परिणाम", प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, बाइंडिंग, संपलं. दुसऱ्याचा पेपर वाचून तो आपल्या पेशंटला लागू होतो का हे ठरवायला कुणी बसून शिकवतच नाही.

पण मला विचाराल तर वाचता न येणं ही अर्धीच अडचण. 1991 मधे अमेरिकेतच नर्सेसना विचारलं होतं की रिसर्च वापरायला आड काय येतं, तर सगळ्यात वर आलं "पद्धत बदलायचा अधिकार नाही" आणि त्याच्या मागोमाग "ड्युटीत वेळ नाही". तुमच्या इन्चार्ज सिस्टर नेमकं हेच बोलल्या, फक्त चिडून बोलल्या. त्यांना दोष देऊ नका, उद्या जखमेत पू झाला तर सर त्यांनाच बोलावणार.

म्हणून राउंडला सरांशी वाद घालायचा नाही आणि वॉर्डबॉयलाही बोलायचं नाही, तो सांगितलेलं काम करतो. तुमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोल नर्स असेल, तिला गाठा. गाइडलाइनमधलं ते एक पान काढा, सोबत तुमच्या वॉर्डाच्या रजिस्टरमधून मागच्या काही महिन्यांत किती ऑपरेशन झाली आणि किती जखमा चिघळल्या एवढे आकडे लावा आणि ते इन्फेक्शन कंट्रोल कमिटीत जाऊ द्या. आपल्याच वॉर्डाचे आकडे दिसले की सर्जन ऐकतात, बाहेरच्या पेपरला ते "आपल्याकडचे पेशंट वेगळे" म्हणून उडवून लावतात. खरी लढाई स्टोअरशी होईल बरं का, क्लिपरचं ब्लेड दर पेशंटला बदलायचं म्हटल्यावर खर्चाची फाइल फिरत राहते, तर तोपर्यंत निदान जिथे केस आड येत नाहीत तिथे काढू नका एवढं तरी सरांकडून लेखी घ्या. आणि वाचायची सवय लावायची असेल तर कॉक्रेन या उपचारांवरचा रिसर्च तपासून एकत्र मांडणाऱ्या संस्थेचे साध्या भाषेतले सारांश फुकट आहेत, नाइटला मोबाइलवर एक वाचून होतो.

प्रश्न : आईचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, रात्री बारापासून पाण्याचा थेंब दिला नाही आणि नंबर लागला दुपारी. सिस्टर म्हणाल्या, "एनबीएम आहे," म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही. हे बरोबर का?
*– एक वाचक, चिपळूण*

उत्तर : ठरवून केलेल्या ऑपरेशनला, बाकी तब्येत ठीक असलेल्या मोठ्या माणसाला भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, हलकं खाणं मात्र सहा तास आधी थांबवायचं, असं भूलतज्ज्ञांच्याच गाइडलाइन सांगतात. तरी "बारानंतर काही नाही" अजून चालतं, कारण ऑपरेशनची लिस्ट वरखाली होते आणि सगळ्यांना एकच ऑर्डर लिहिणं सोपं जातं. गरोदर बाई, पोट उशिरा रिकामं होणारे डायबेटिसचे पेशंट यांचं वेगळं असतं, त्यामुळे सिस्टर स्वतःच्या मनाने पाणी देऊ शकत नाहीत आणि तुम्हीही गुपचूप देऊ नका. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हाच विचारा, "पाणी किती वाजेपर्यंत?" आणि ती वेळ केसपेपरवर लिहून घ्या, सकाळी ते ओटीत अडकले की फोन कुणी उचलत नाही.