केकच्या एका तुकड्याला चोवीस सूर्यनमस्कार

प्रश्न : मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही पुण्याहून रत्नागिरीजवळच्या माझ्या सासरी गेलो होतो. मुलांनी आजोबांबरोबर आंबे उतरवले, कातळाच्या सड्यावर जाऊन ‘कोंबडा की कोंबडी’ खेळत ओंजळी भरभरून करवंदे खाल्ली. रविवारी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने आजीच्या पातेल्यात तापलेल्या वाळूवर आमरसाचा केक केला. केक कापताना यजमान म्हणाले, ‘‘एका तुकड्याला तुझे चोवीस सूर्यनमस्कार आणि धाकट्याचे बारा, तो तसाही काटकुळा आहे.’’ मुलीने केकला हात लावला नाही. परत येऊन आठवडा झाला, ती रात्री काही ना काही निमित्त काढून जेवण टाळते. यजमान स्वतः लहानपणी लठ्ठ होते, सासऱ्यांना मधुमेह आहे. म्हणून ते काळजीपोटी बोलतात हे मला कळते. मी काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांच्या काळजीबद्दल मला शंका नाही, परंतु तेरा वर्षांच्या मुलीच्या कानावर काळजी पडत नाही, आकडा पडतो. भावाला बारा आणि आपल्याला चोवीस हा हिशेब तिने आजी-आजोबांसमोर, आणि तोही तासभर विस्तवाशेजारी बसून स्वतः केलेल्या केकपुढे ऐकला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा हौसेने आणि निष्ठेने प्रसार केला, ते आपल्या घरांत खाण्याचा दंड म्हणून वसूल होऊ लागले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमच्या पत्रातली करवंदांची ओळ मी दोनदा वाचली. करवंद दाताखाली धरण्याआधी आतून लाल निघेल की पांढरे, कोंबडा की कोंबडी, हे ओरडून सांगायचे, ओठांना चीक चिकटला तरी पुढच्या जाळीकडे धावायचे, काटे चुकवत हात आत घालायचा, हे सारे ती त्याच दोन दिवसांत करत होती आणि खाल्लेली करवंदे कोणी मोजत नव्हते. आंबे उतरवतानाही तसेच. देठ तुटला की चीक ओघळून सालीवर डाग पडतो, म्हणून मान वर करून आणि हात ताणून एकेक फळ देठासकट घळीत, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या झोळीत, धरावे लागते. तासाभराने खांदे भरून येतात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या मुलीने केक कापण्यापूर्वीच ती भरपूर केली होती आणि वडिलांनी ती व्यायामात धरलीच नाही.

या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते, अंग भरते, भूक वाढते, आणि पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरजही वाढते. हे सारे नेहमीचे असून त्याच काळात जेवण तोडणे शरीराला महागात पडते. केकच्या तुकड्यात किती कॅलरी असतात, हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही.

आता यजमानांशी बोला, पण मुलांसमोर नको आणि सासरच्या माणसांसमोर तर मुळीच नको. ‘‘तुम्ही चुकलात’’ अशी सुरुवात केलीत तर ते मधुमेहाचा इतिहास काढतील आणि तो खोटा नसल्यामुळे तुम्ही गप्प बसाल. त्याऐवजी शाळेत असताना त्यांना कोण काय म्हणायचे आणि त्यानंतर त्यांना कसे वाटायचे, हे त्यांना विचारा व त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐका. माझा अंदाज असा की, मुलीला जे ऐकावे लागू नये म्हणून ते धडपडत आहेत, तेच आपण तिला ऐकवले हे त्यांच्या लक्षात येईल. मग त्यांनी मुलीजवळ जाऊन एकच वाक्य म्हणावे, ‘‘मी तसे बोलायला नको होते.’’ पुढे ‘पण’ जोडू नये. मधुमेहाची चिंता असेलच, तर संध्याकाळी चौघांनी मिळून टेकडीवर जावे आणि घरात सर्वांसाठी एकच स्वयंपाक व्हावा. मुलीच्या ताटाला वेगळा नियम नको.

तुम्ही स्वतः तिला जेवणावरून व्याख्यान देऊ नका आणि ‘‘तू जाडी नाहीस गं’’ असेही म्हणू नका, कारण त्यातही मोजमाप आलेच. रात्री सर्वांनी एकत्र बसावे, तिचे ताट नेहमीसारखे वाढावे आणि बोलणे शाळेचे, मैत्रिणींचे असावे. मात्र आणखी दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि त्याआधीच जेवण लपवणे, ओकाऱ्या काढणे, चक्कर येणे किंवा पाळी थांबणे यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नका. घरातल्यांशी बोलणे अवघड वाटत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर तुम्ही आणि ती, दोघीही विनामूल्य बोलू शकता.

तिने उतरवलेले आंबे तुम्ही पेंढ्यात घालून आणले असतील, तर अढी पिकायला आठ-दहा दिवस जातात, म्हणजे हे उत्तर वाचेपर्यंत पेटीला वास सुटलेला असेल. ती पेटी तिलाच उघडू द्या. कोणता आंबा तयार आणि कोणता अजून दोन दिवस ठेवायचा, हे देठाजवळ हुंगून कसे ओळखावे ते तिच्या वडिलांना लहानपणापासून ठाऊक असणार; त्यांनी तिच्याशेजारी जमिनीवर बसून ते तिला दाखवावे.