गाइडची सही, शोधछात्रेची तक्रार आणि तीन महिन्यांची मुदत

प्रश्न : मी २७ वर्षांची असून नागपुरातील एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करते. पाच महिन्यांपासून माझे गाइड रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर नको तसे मेसेज पाठवत होते. ‘चॅप्टर तपासून देतो’ म्हणून त्यांनी मला फ्लॅटवर बोलावले आणि हात धरून जवळ ओढले. मी तशीच निघून आले. ‘असाच भाव खात राहिलीस तर सही विसर,’ हा त्यांचा शेवटचा मेसेज सात आठवड्यांपूर्वीचा आहे. तेव्हापासून माझ्या प्रगती अहवालावर सही झालेली नाही आणि फेलोशिप अडली आहे. विभागप्रमुख म्हणतात, ‘वैयक्तिक कारणास्तव’ गाइड बदलून मिळावा असा अर्ज दे, बाकीचे मी बघतो. तेच तक्रार समितीवरही आहेत. यवतमाळला असलेले बाबा, गाइडकडून माफीनामा लिहून घे आणि विषय संपव, असे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : विभागप्रमुखांनी सुचवलेला अर्ज तुम्ही देऊ नये, हे सर्वांत आधी सांगते. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द तुमच्या सहीनिशी एकदा फाइलला लागले, की चौकशीत गाइडच्या बाजूने पहिला कागद तोच पुढे केला जाईल आणि त्रास होता तर तो अर्जात का लिहिला नाही, असे तुम्हालाच विचारले जाईल. विभागप्रमुखांचा हेतू कदाचित तुम्हाला सोडवण्याचा असेलही. परंतु त्या अर्जाने सुटका होते ती गाइडची आणि विभागाची. गाइड बदलून अवश्य मागावा, मात्र खरे कारण लिहून आणि तक्रारीचा भाग म्हणून.

तुम्ही महाविद्यालयाच्या नोकरीत नाही, यामुळे काही अडत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शैक्षणिक संस्था हे ‘कामाचे ठिकाण’ आहे आणि पीडित महिला तेथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. त्याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम विद्यार्थिनींना नावानिशी संरक्षण देतात. त्या विनियमांनुसार केवळ स्पर्श किंवा अश्लील बोलणे एवढाच छळ नव्हे. लैंगिक अपेक्षेच्या बदल्यात झुकते माप देण्याचे आमिष आणि ती पूर्ण न केल्यास संबंधित व्यक्तीच्या सध्याच्या किंवा पुढच्या स्थानाला धक्का लावण्याची उघड वा आडवळणाची धमकी, हेही छळातच मोडते. ‘सही विसर’ हा मेसेज म्हणूनच तुमच्या तक्रारीचा कणा आहे.

आता मुदतीविषयी. तक्रार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. पुरेसे कारण असल्यास समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण ती मेहेरबानी समितीच्या हाती आहे. सात आठवडे गेले असल्याने, आणि हे उत्तर तुमच्या वाचनात येईपर्यंत आणखी काही दिवस जाणार असल्याने, तुमच्या हाती जेमतेम महिना उरतो. सही अजून अडलेलीच आहे, म्हणजे छळ चालूच आहे आणि मुदत रोज नव्याने सुरू होते, या भरवशावर मात्र राहू नका. कोलकात्यातील एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली. छळाच्या शेवटच्या प्रसंगानंतर झालेली प्रशासकीय कारवाई ही त्याच छळाची पुढची कडी आहे, हे न्यायालयाने मान्य केले नाही. (त्या निर्णयाची नोंद संबंधित कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम राहावी, असेही न्यायालयाने सांगितले, पण त्यामुळे तक्रारदार प्राध्यापिकेच्या तक्रारीची चौकशी काही झाली नाही.) म्हणून मुदत शेवटच्या मेसेजपासूनच मोजा, आणि सही अडवणे हा त्या मेसेजमधल्या धमकीचाच अंमल आहे, हे तक्रारीत तारखांसह स्पष्ट जोडून दाखवा.

फ्लॅट ही खासगी जागा आहे, तेथे जे झाले त्याचा महाविद्यालयाशी संबंध नाही, असा बचाव हमखास घेतला जातो. आयोगाच्या विनियमांत ‘परिसरा’ची व्याख्या कुंपणाच्या आत थांबत नाही, विद्यार्थी या नात्याने जेथे जावे लागते ती ठिकाणेही तीत येतात. तुम्हाला प्रबंधाच्या कामासाठी बोलावले होते, हे दाखवणारा मेसेज त्यामुळे पुढच्या गलिच्छ मेसेजइतकाच महत्त्वाचा आहे. पूर्ण संभाषण जसेच्या तसे ठेवा, त्यातील तुमची अवघडलेली किंवा नमते घेणारी उत्तरेसुद्धा पुसू नका. फोन विकू नका, बदलू नका. छापील प्रती समितीला चालतील, पण न्यायालयात जाण्याची वेळ आली तर मूळ उपकरण आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, डिजिटल पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल.

समितीवर विभागप्रमुख असणे हे विनियमांच्या सरळ विरुद्ध आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्ती अंतर्गत तक्रार समितीवर असू शकत नाहीत. अध्यक्ष वरिष्ठ महिला अध्यापकच हवी, निम्म्या सदस्य तरी महिला हव्यात, संस्थेबाहेरचा एक सदस्य हवा, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा तीन विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. हा आक्षेप तक्रारीतच नोंदवा, परंतु समिती नीट होईपर्यंत तक्रार अडवून ठेवू नका. तक्रार समितीच्या अध्यक्षांच्या नावे द्या, एक प्रत प्राचार्यांना द्या आणि दोन्हींवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

तुमच्या प्रकरणात सर्वांत मोलाची मागणी शिक्षेची नाही. चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे, त्यावर अहवाल, त्यावर कारवाई, त्यावर अपील. तोवर तुमची फेलोशिप गाइडच्या पेनाखालीच अडकून राहिली, तर शेवटी निकाल बाजूने लागूनही संशोधन हातचे गेलेले असेल. यासाठीच विनियमांत अंतरिम उपाय दिले आहेत. चौकशी चालू असताना आरोप असलेल्या व्यक्तीने तक्रारदाराच्या कामाचे किंवा परीक्षेचे मूल्यमापन करू नये, तिच्याबद्दल अहवाल देऊ नये, असा आदेश समितीच्या शिफारशीवरून काढता येतो. तक्रारीसोबतच स्वतंत्र अर्ज करून हा आदेश मागा. प्रगती अहवाल आणि फेलोशिपच्या कागदांवर सही करण्याचे अधिकार दुसऱ्या मान्यताप्राप्त मार्गदर्शकाकडे द्यावेत, असे त्यात नेमकेपणाने लिहा. संदिग्ध मागणीवर संदिग्धच आदेश निघतो.

पोलिसांकडे जाण्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. फ्लॅटवरील प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ (विनयभंग) आणि ७५ (लैंगिक छळ) मध्ये बसतो. त्यांपैकी कलम ७४ खाली एक ते पाच वर्षांची शिक्षा आहे. फिर्याद कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते आणि या कलमांखालील गुन्ह्याची स्त्रीने दिलेली माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. फिर्याद द्यावी की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. माझे मत विचाराल तर समितीकडील तक्रार आधी दाखल करा, कारण घाई तिची आहे.

तुमच्या वडिलांची भीती मी समजू शकते. समितीपुढे सामोपचाराची तरतूद आहे, पण ती तुम्ही मागितली तरच लागू होते, पैशांची देवघेव तिचा आधार होऊ शकत नाही आणि एकदा तडजोड झाली की पुढची चौकशी होत नाही. घरात बसून लिहून घेतलेल्या माफीनाम्याला यातले कोणतेच बंधन नसते, आणि त्याने सहीचा प्रश्नही सुटत नाही. फौजदारी प्रकरणात तर अशा समेटाकडे न्यायालये कठोरपणे पाहतात : राजस्थानातील एका शिक्षकावरील अल्पवयीन विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा गुन्हा पालकांशी झालेल्या समेटामुळे उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा जिवंत केला. आरोप सिद्ध झाला नाही तर मुलीवरच कारवाई होईल, असे कोणी बाबांना सांगितले असेल, तर तेही चूक आहे. केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असे २०१३ च्या कायद्याच्या कलम १४ मध्येच म्हटले आहे.

समितीपुढे वकील उभा करता येत नाही, दोन्ही बाजूंना नाही. त्यामुळे तक्रारीचा मसुदा तुम्हाला तोंडाने सांगता येईल इतका साधा, तारखांच्या क्रमाने आणि स्वतःच्या शब्दांत असावा. तो तपासून घेण्यासाठी सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाचा दाखला न मागता विनामूल्य साहाय्य मिळते. जाताना मेसेजच्या छापील प्रती, अडलेल्या प्रगती अहवालाची प्रत आणि संशोधनाच्या नोंदणीचे पत्र सोबत ठेवा.