जर्मनीतली प्राथमिक शाळा खरंच ताणमुक्त असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पुण्यात दुसरीत आहे, पुढच्या वर्षी तुमची बदली म्युनिकला होतेय, आणि ‘तिकडे प्राथमिक शाळेत मुलांना अजिबात टेन्शन नसतं’ असं सगळे सांगतात, ते खरं का?

पहिली दोन वर्षं खरं आहे. चौथीत मात्र मला पुण्यातल्या दहावीच्या आया आठवल्या.

आम्ही म्युनिकजवळच्या एका गावात राहतो. माझी मुलगी इथे पहिली ते चौथी शिकली. माझी आई साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे आमच्याकडे फोनवर भाज्यांच्या भावापेक्षा शाळेचीच चर्चा जास्त चालते. खाली जे लिहितेय त्यातलं निम्मं त्या फोनांमधलं आहे.

लेक पुण्यात सीनियर केजी करून आली तेव्हा इंग्रजी वाचत होती आणि शंभरपर्यंत आकडे लिहीत होती. इथे किंडरगार्टनमध्ये अक्षरओळख हा विषयच नसतो. सहा वर्षांचं मूल पहिल्या दिवशी स्वतःच्याच उंचीचा, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला कागदी कोन (शूलट्यूटे) मिरवत शाळेत जातं. आईला हे फार आवडलं. ‘आम्ही बैलगाडीतून मिरवणूक काढायचो, तसंच की!’ म्हणाली. आणि मग पहिलीचं अख्खं वर्ष वीसपर्यंतच्या संख्या. फक्त वीस! मी ऑक्टोबरात बाईंना विचारलं, घरी थोडं पुढचं घेऊ का? त्या शांतपणे म्हणाल्या, कृपा करून नको, वर्गात बसून ती कंटाळेल. त्या दिवशी घरी येताना माझा चेहरा बघण्यासारखा असणार.

पण त्या संथपणात काय चालतं ते हळूहळू कळलं. आपल्याकडे चार रेघी वही असते ना, तशाच इथल्या वहीत ओळीच्या सुरुवातीला छोटंसं घर काढलेलं असतं: माळा, मधला मजला, तळघर. ‘एल’ माळ्यावर पोचतो, ‘जी’चं शेपूट तळघरात जातं, ‘ए’ बिचारा मधल्या मजल्यावर. अक्षर चुकलं तर बाई लाल शेरा मारत नाहीत, ‘हा तळघरात का नाही उतरला?’ असं विचारतात. नंतर शाईपेन येतं, आणि त्याबरोबर निळे हात, निळा टी-शर्ट आणि शाई खोडायचं एक वेगळं पेन.

पाढ्यांवरून मात्र आईचं आणि इथल्या बाईंचं कधीच जमलं नसतं. इथे पाढे दहापर्यंतच, आणि तेही आधी एक, दोन, पाच, दहाचे पक्के करायचे. बाकीचे त्यावरून काढायचे. सात आठी किती? पाच आठी चाळीस, दोन आठी सोळा, झाले छप्पन्न. आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, ‘एवढा वळसा कशाला? सात आठी छप्पन्न!’ लेक दोन्ही शिकली. आजीचं वेगासाठी, बाईंचं विसरल्यावर सावरायला. मला विचाराल तर दोघींचं बरोबर आहे. पण नुसता आजीचा पाढा असलेली आमच्या पिढीतली कितीतरी मुलं पुढे अपूर्णांकात अडखळली, हेही मी पाहिलंय.

गुणपत्रिकेची एक गंमत. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास. लेकीला गणितात ‘एक’ मिळाला हे ऐकून आमचे सासरे दोन दिवस गप्प होते. पहिलीत असे आकडे नसतातच. सहामाहीला आमच्या शाळेत पालक, मूल आणि बाई एकत्र बसायचे, पण बाई बोलायच्या मुलाशी. लेकीने आधीच स्वतःबद्दल एक कागद भरून आणलेला: ‘मी दुसऱ्याचं ऐकून घेते का?’ यापुढे तिने स्वतःच अर्धवट खूण केली होती. मी पाऊण तास तोंड मिटून बसले. आपल्याकडच्या पालकसभेत मूल बाहेर व्हरांड्यात उभं असतं आणि आत त्याच्याविषयी बोलणं चालतं.

आता चौथी. जर्मनीत शिक्षण प्रत्येक राज्याच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे ‘जर्मनीत असं असतं’ म्हणताना जपून. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, बव्हेरियात (म्हणजे तुमच्या म्युनिकला) चौथीपर्यंत. चौथीत मे महिन्याच्या सुरुवातीला एक दाखला मिळतो. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझिउमला, म्हणजे थेट विद्यापीठाच्या वाटेवर; २.६६ पर्यंत रेआलशूलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेत, नाहीतर मिटेलशूलेला, म्हणजे कामधंद्याच्या वाटेवर. दाखल्यातला निकाल मान्य नसेल तर तीन दिवसांची चाचणी देता येते. पुढे वाट बदलताही येते, रेआलशूलेतून फिरून विद्यापीठात जाणारे पुष्कळ आहेत. पण दहा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा.

माझ्या लेकीला गणितात १, जर्मनमध्ये ३, परिसरात ३. बेरीज सात, भागिले तीन, २.३३. अगदी काठावर! तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला गणितात २ मिळाले, बाकी सगळं तेच. सरासरी २.६६. चार वर्षं एका बाकावर बसलेल्या पोरी आता वेगवेगळ्या बसने वेगवेगळ्या शाळांत जातात. त्या वर्षी वर्गातले निम्मे पालक शिकवण्या लावून बसले होते, आणि छोट्या चाचण्यांना इथे ‘प्रोबे’ म्हणतात तो शब्द घरात काढला तरी लेक पानावरून उठायची. लोक या वर्षाला थट्टेने ‘प्राथमिकची बारावी’ म्हणतात, त्यात थट्टा फारशी नाही.

तरीही ‘आपलं बरं, आपण दहावीपर्यंत थांबतो’ असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे चाळणी आणखी आधी लागते, नर्सरीच्या प्रवेशाला, फीच्या आकड्याने. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा सोडल्या तर ज्याला परवडतं त्याचं मूल एका शाळेत आणि त्याच्या ड्रायव्हरचं दुसऱ्या. इथे पत्त्यानुसार गावातली सरकारी शाळा ठरलेली असते. लेकीच्या वर्गात दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, सफाई काम करणाऱ्या बाईंची मुलगी आणि सीरियातून आलेला एक मुलगा एकत्र होते. १९२०च्या कायद्याने जर्मनीत सगळ्यांसाठी सामाईक अशी ही चार वर्षं आणली. त्याआधी पैसेवाल्यांची मुलं वेगळ्या पूर्वतयारी शाळांत जात. पुढे शंभर वर्षं त्या चाराचं पाच काही बहुतेक ठिकाणी झालं नाही.

आणि शिकवणं सगळं उत्तम आहे असंही नाही. २०२१च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत इथली चौथीतली साधारण पाव मुलं किमान पातळीच्या खाली निघाली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे तुमच्याकडेही आहे होय!’ जरा आनंदातच.

आता तुमचं. मुलगा बहुधा तिसरीत बसेल, म्हणजे त्या दाखल्याला दोन वर्षंही नाहीत. गणिताची काळजी करू नका. जर्मन आजपासून सुरू करा, कारण तीनपैकी दोन विषय खरं तर भाषेचेच आहेत. शाळेला विचारून त्याला एक वर्ष खाली बसवता आलं तर कमीपणा मानू नका. इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

शिवाय आकडे मराठीतून पक्के करून आणा. जर्मनमध्ये २१ ला ‘एक-आणि-वीस’ म्हणतात. इंग्रजीत मोजणारी मुलं ऐकून बिनदिक्कत १२ लिहितात. मराठी मुलाच्या कानाला ‘एकवीस’ची सवय असते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? इथेही हाच बदल मागणारी ‘वीस-एक’ नावाचीच एक संस्था आहे. आमच्या लेकीला जर्मन आकडे दोन दिवसांत आले. अडली ती फक्त मराठीच्या एकोणऐंशीला, आणि ते अजून सुटलेलं नाही.